इंजिन ऑइलची तपासणी आणि निवड : प्रस्तावना

ऑइल काळे पडले म्हणजे ते संपले, ही समजूत पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळते. डिपस्टिक उपसायची, टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळायचा, नाकाशी धरायचा आणि ‘यात आता काही राहिलं नाही’ असा निकाल द्यायचा. ही पद्धत अगदीच टाकाऊ नाही. पेट्रोलचा वास, पाण्यामुळे आलेला दुधाळपणा, बोटाला टोचणारी कच एवढे तिच्यातून कळते. रंगावरून मात्र ऑइलचे आयुष्य ठरत नाही. डिझेल गाडीत घातलेले नवे ऑइल पहिल्या शे-दोनशे किलोमीटरांतच काळे होते, कारण ज्वलनातली काजळी पोटात घेऊन ती तरंगत ठेवणे हे त्याला नेमून दिलेले कामच आहे. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे ऑइल बराच काळ सोनेरी दिसते, आणि आतून ते पार शिणलेले असू शकते. डोळ्याला आणि बोटाला जे कळत नाही ते मोजून पाहण्याच्या रीतीला तेलतपासणी म्हणतात. गाडीसाठी ऑइल निवडताना या तपासणीचा उपयोग कितपत होतो आणि कुठे होत नाही, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

ही विद्या मोटारींसाठी जन्मली नाही. तिची सुरुवात रेल्वेत झाली. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड या रेल्वे कंपनीच्या प्रयोगशाळेत १९४६च्या सुमारास डिझेल इंजिनांचे वापरलेले तेल वर्णपटमापीखाली जाळून त्यातले धातू मोजले जाऊ लागले. इंजिन न उघडता आतले कोणते बेअरिंग झिजते आहे याचा अंदाज त्यातून येऊ लागला. पुढे विमानदलांनी आणि नौदलांनी ही रीत उचलली. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही तेलाचे नमुने ठरावीक अंतराने तपासण्याची शिस्त आली. पुण्याच्या घोरपडी शेडला लागणाऱ्या इंजिनांच्या बाबतीत ‘ऑइल किती दिवसांनी बदलायचे’ यापेक्षा ‘नमुना काय सांगतो’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. एका रेल्वे इंजिनाच्या चेंबरमध्ये शेकडो लिटर तेल मावते. ते कॅलेंडर बघून ओतून टाकणे परवडत नाही.

ऑइलची निवड तपासणीवर कशी अवलंबून असते याचे एक ठळक उदाहरणही रेल्वेतलेच आहे. मूळच्या जनरल मोटर्सच्या ईएमडी जातीच्या इंजिनांत काही बेअरिंगांना चांदीचा मुलामा असतो. मोटारींच्या ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्ताचे संयुग हटकून घातलेले असते आणि तेच या चांदीला खाते. म्हणून त्या इंजिनांना बिनजस्ताचे ऑइल लागते. नमुन्यात जस्त दिसले, तर कोणीतरी चुकीचा पिंप उघडला आहे हे तिथल्या तिथे कळते.

पुणे हे डिझेल इंजिनांचे जुने गाव आहे. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६पासून, कोथरूडमध्ये कमिन्स १९६२पासून, आणि वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था १९६६पासून. त्यामुळे तेलाचा दाटपणा, आम्लांक, झिजेचे धातू हे शब्द या शहरातल्या हजारो कामगारांच्या आणि अभियंत्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. घरच्या गाडीचा विषय निघाला, की तीच माणसे शेजाऱ्याच्या सल्ल्याने ऑइल घेतात, हा त्यातला गमतीचा भाग. त्यालाही कारण आहे. छोट्या मोटारीत साडेतीन-चार लिटर ऑइल असते. इतक्या ऑइलसाठी प्रयोगशाळेचा खर्च करावा का, हा प्रश्न रास्तच आहे, आणि त्याचे उत्तर गाडीपरत्वे बदलते.

निवडीची सुरुवात डब्यावरच्या अक्षरांपासून होते. ५डब्ल्यू-३० यातला ३० हा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा सांगतो. एसएई या अमेरिकी संस्थेच्या जे३०० या मानकानुसार ३० दर्जाच्या ऑइलचा दाटपणा १०० अंश सेल्सियसला ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक या पट्ट्यात असावा लागतो. २० दर्जाचा पट्टा ६.९पासून सुरू होतो, ४० दर्जाचा १२.५पासून. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. त्याच्या आधीचा आकडा गाडी गारठलेली असतानाची वागणूक सांगतो आणि ती चाचणी ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांना होते. पुण्याच्या हवामानाच्या नोंदींतला नीचांक जानेवारी १९३५मधला १.७ अंशांचा आहे. तेव्हा निव्वळ थंडीसाठी ५डब्ल्यू आणि १५डब्ल्यू यांत इथे फार फरक पडू नये. तरी सकाळी पहिल्यांदा चावी फिरवल्यावर पातळ ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोचते, आणि सहसा ते अधिक चांगल्या मूळ तेलापासून बनवलेले असते. त्या आकड्याचा पुण्यात उपयोग आहे तो एवढाच.

दर्जाशेजारी एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेची अक्षरे असतात. पेट्रोल इंजिनांसाठी एसपी हा वर्ग २०२०मध्ये आला, जड डिझेल इंजिनांसाठी सीके-४ हा २०१६च्या अखेरीस. युरोपीय घडणीच्या इंजिनांना एसीईए या युरोपीय वाहन-उत्पादक संघटनेची सी३सारखी खूण लागते. ही अक्षरे म्हणजे ऑइलने कोणत्या परीक्षा दिल्या त्याची यादी. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत दर्जा आणि अक्षरे दोन्ही दिलेली असतात, आणि तपासणीच्या भाषेतली पहिली अट हीच की त्या चौकटीबाहेरचे ऑइल तपासणीलाही घ्यायचे नाही. ‘गाडी जुनी झाली, जाड ऑइल टाका’ हा सल्ला काही वेळा बरोबर ठरतो. पण ०डब्ल्यू-२० साठी घडवलेल्या इंजिनातल्या वाटा बारीक आणि पंपाचे गणित वेगळे असते. तिथे २०डब्ल्यू-५० ओतणे म्हणजे सवयीने केलेली चूक. (दुचाकींचा नियम निराळा आहे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. त्यांना जासो या जपानी मानकाच्या एमए खुणेचे ऑइल लागते आणि मोटारीचे ऑइल घातल्यास क्लच घसरू शकतो. दुचाकींच्या या शहरात हे सांगून ठेवणे बरे.)

तपासणीत चार गोष्टी मोजल्या जातात. पहिली म्हणजे दाटपणा. दुसरी म्हणजे रसायनाची शिल्लक : ज्वलनात तयार होणारे आम्ल मारण्याची ताकद टीबीएन या आकड्याने कळते, साठलेले आम्ल टीएएनने कळते, आणि अवरक्त किरणांच्या चाचणीत ऑइल हवेने व नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी किती पोळले आहे ते दिसते. तिसरी म्हणजे घुसखोर : पाणी, इंधन, काजळी, रेडिएटरचे कूलंट. चौथी म्हणजे धातू, आणि अहवालातला सर्वांत लांब रकाना तोच. लोखंड येते ते सिलिंडर, कॅम आणि गिअरच्या दात्यांकडून, अॅल्युमिनियम पिस्टनकडून, क्रोमियम रिंगांकडून, तांबे-शिसे-कथील ही त्रयी बेअरिंगांकडून. सिलिकॉन बहुधा रस्त्यावरची धूळ असते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, फॉस्फरस आणि मॉलिब्डेनम हे धातू-अधातू ऑइलचेच घटक. त्यांच्यावरून डब्यात सांगितलेला माल खरोखर आहे की नाही ते पाहता येते. त्यासाठी न उघडलेल्या डब्यातला थोडा नमुना वेगळा तपासून ठेवावा लागतो. या मूळ नमुन्यावाचून वापरलेल्या ऑइलचा अहवाल म्हणजे सुरुवातीची शिल्लक न लिहिलेले पासबुक.

या यंत्रांची एक मर्यादा आधीच लक्षात घेतलेली बरी. धातू मोजणाऱ्या वर्णपटमापीला साधारण पाच ते आठ मायक्रॉनपर्यंतचे कणच नीट दिसतात. बेअरिंगचा पापुद्रा निघू लागला असेल, तर मोठे तुकडे यंत्राला न दिसता थेट फिल्टरमध्ये जाऊन बसतात आणि अहवाल निर्मळ येतो. म्हणून जाणकार मेकॅनिक फिल्टर कापून त्याचा कागद पंख्यासारखा उलगडतो आणि उन्हात धरतो. पितळी चमक दिसली, तर प्रयोगशाळेची वाट पाहायची गरज उरत नाही.

पुण्यातल्या गाडीच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवणारा आकडा म्हणजे किलोमीटर. पेठांतून शाळा, मंडई, ऑफिस असे हेलपाटे घालणारी गाडी ताशी सरासरी १५ किलोमीटरने चालते असे धरले, तर ५,००० किलोमीटरला इंजिन सुमारे ३३३ तास फिरते. तेवढेच अंतर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी ८०च्या सरासरीने कापले, तर जेमतेम ६३ तास होतात. ओडोमीटरवर दोन्ही गाड्या सारख्या, ऑइलच्या दृष्टीने एकीचे वय दुसरीच्या पाचपट. त्यात तीन-चार किलोमीटरांच्या फेऱ्यांत ऑइल पुरते तापतच नाही. ज्वलनात तयार झालेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल चेंबरमध्येच राहते. पावसाळ्यात अशा गाडीचे ऑइल भरायचे झाकण उघडले, तर आतल्या बाजूला पिवळसर, लोण्यासारखा थर चिकटलेला दिसतो. पुस्तिकेत ‘कठीण वापर’ असा एक स्वतंत्र रकाना असतो. छोट्या फेऱ्या, धूळ आणि थांबत-थांबत चालणे ही त्याची लक्षणे. म्हणजे पुणेकराचा साधा दिवस.

इंधनही बदलले आहे. १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाने इंधनातील गंधक १० पीपीएमवर आणले. १९९०च्या दशकात डिझेलमध्ये ते एक टक्क्याच्या घरात, म्हणजे सुमारे हजारपट असे. गंधकापासून आम्ल होते, म्हणून त्या काळी जास्त टीबीएनचे ऑइल चांगले मानले जाई. ती सवय आता उलटते. जास्त टीबीएन म्हणजे जास्त राख, आणि राखेने डिझेल गाडीचा काजळी-फिल्टर, म्हणजे डीपीएफ, तुंबतो. शिवाय हा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी इंजिन थोडे जादा डिझेल फवारते. शहरी वर्दळीत ही सफाई अर्ध्यावर तुटते आणि ते डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर ‘ऑइल अजिबात खात नाही’ म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल आहे. निव्वळ इथेनॉलच्या पंपांचा पथदर्शी प्रयोग ५ जून २०२१ रोजी पुण्यातूनच सुरू झाला, आणि २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता नेहमीचे झाले आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवते. लांबच्या रपेटीत ते ७८ अंशांना उकळून निघून जाते, छोट्या फेऱ्यांत ऑइलमध्येच रेंगाळते. सीएनजीचे गणित याच्या उलट. द्रव इंधनच नसल्याने ऑइल पातळ होत नाही, पण ज्वलन जास्त तापमानाला होते, नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी ऑइल पोळते आणि हळूहळू दाट होत जाते. सुरुवातीला म्हटलेल्या सोनेरी रंगाचा फसवेपणा तो हाच.

नमुना घेण्यात चूक झाली, तर पुढचे सारे वाया जाते. गाडी निदान अर्धा तास चालवून, इंजिन गरम असताना चेंबरचा नट सैल करायचा. पहिली धार तळाचा गाळ घेऊन येते, ती जाऊ द्यायची. मधली धार कोरड्या, न वापरलेल्या बाटलीत धरायची. शंभर मिलिलिटर पुरते. पाण्याची किंवा सरबताची धुतलेली बाटली चालत नाही, कारण तिच्या तळाचा एक थेंब पाणी सगळ्या अहवालाचा अर्थ बदलतो. बाटलीवर गाडीचे एकूण किलोमीटर, या ऑइलवर झालेले किलोमीटर, ऑइलचे नाव व दर्जा, आणि मध्ये किती ऑइल वरून घातले ते लिहायचे. शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात. चार लिटरांत एक लिटर नवे ऑइल मिसळले, की झिजेचे सगळे आकडे आपोआप सौम्य दिसतात.

आता समजा, एका पेट्रोल गाडीचा असा अहवाल आला : नवे ५डब्ल्यू-३० असताना दाटपणा १०.९ होता, ६,००० किलोमीटरांनंतर ८.७ भरला. म्हणजे ३० दर्जाचे ऑइल २० दर्जाचे झाले. गाडीमालकाचा पहिला विचार असतो तो ‘हा ब्रँड फालतू, महागाचे घेऊ’ असा. पण ऑइल पातळ होण्याची दोन अगदी वेगळी कारणे असतात. एक तर त्यात पेट्रोल मिसळले असेल, नाहीतर दाटपणा टिकवण्यासाठी घातलेल्या पॉलिमरच्या लांब साखळ्या दात्यांत आणि बेअरिंगांत चिरडून तुटल्या असतील. दोहोंतला भेद करायला त्याच अहवालातला ज्वलनांक, म्हणजे ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान, पाहायचा. नव्या ऑइलचा ज्वलनांक २०० अंशांच्या बराच वर असतो. तो खाली घसरला असेल तर दोष पेट्रोलचा, आणि मग जगातले सर्वांत महाग ऑइलही तसेच पातळ होणार. इलाज ऑइल लवकर बदलण्यात, इंजेक्टर आणि प्लग तपासण्यात आणि आठवड्यातून एकदा गाडी खंबाटकी घाटापर्यंत पळवून आणण्यात आहे. ज्वलनांक जागेवर असेल तर मात्र दोष ऑइलचा. पुस्तिका परवानगी देत असेल, तर अधिक कणखर ऑइल घ्यावे, उदाहरणार्थ उच्च तापमानाला आणि ताणाखाली ३.५ मिलिपास्कल-सेकंद (हे माप सेंटीस्टोकहून वेगळे) किंवा त्याहून अधिक दाटपणा राखण्याची अट असलेले एसीईए सी३. आकडा एकच, निर्णय दोन. तपासणीने ऑइल निवडणे म्हणतात ते हे.

धातूंचे आकडे इतके सरळ बोलत नाहीत. दोन ब्रँड एकेकदा वापरून ज्यात लोखंड कमी आले तो चांगला, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो टिकत नाही. एका खेपेत गाडी कोकणात जाऊन आली असेल, दुसऱ्या खेपेत वाघोलीच्या खोदलेल्या रस्त्यावर रोज रांगली असेल. तो फरक ब्रँडच्या फरकाला सहज गिळतो. ऑइल बदलताना जुन्याचा काही अंश इंजिनात राहतोच, त्यामुळे नव्या ऑइलच्या पहिल्या अहवालात जुन्याचे रसायन डोकावते. नव्या रसायनाने जुने थर सुटू लागले, तर तांब्याचा आकडा काही काळ चढतोही. अगदी नव्या गाडीत सिलिकॉन जास्त दिसते, पण ते धुळीचे नसून जोडांना लावलेल्या सीलंटचे असते. म्हणून आकडा दर हजार किलोमीटरांमागे काढायचा आणि त्याच गाडीच्या आधीच्या अहवालांशी जुळवायचा. दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करण्यात हशील नाही. सिलिकॉन आणि लोखंड जोडीने चढत असतील, तर ऑइलच्या दुकानात जाण्याआधी एअर फिल्टरच्या डब्याचे क्लिप पाहावेत. एक क्लिप नीट न बसलेला असणे हे त्याचे फार नेहमीचे कारण आहे.

वापरलेल्या ऑइलची तपासणी ऑइल नापास करायला जितकी पक्की आहे, तितकी दोन चांगल्या ऑइलांत पहिला नंबर काढायला नाही. वॉरंटीतल्या, वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालणाऱ्या पेट्रोल गाडीला तिची गरज नाही. पुस्तिकेतले ऑइल ‘कठीण वापरा’च्या मुदतीत बदलणे तिथे पुरेसे आणि स्वस्त आहे. दीड-दोन लाख किलोमीटर झालेली डिझेल गाडी, टर्बो आणि थेट इंधन-फवारणीचे पेट्रोल इंजिन, एकाच मॉडेलच्या दहा-वीस टॅक्सी चालवणारा व्यावसायिक, या तिघांना मात्र तपासणीचा खर्च भरून निघतो. व्यावसायिकाला तर सर्वाधिक, कारण त्याच्याकडे तुलनेला सारख्या गाड्या आणि सारखे रस्ते असतात.

घरच्या गाडीसाठी तपासणी करायचीच असेल, तर एकच ऑइल सलग तीन वेळा वापरावे, प्रत्येक वेळी नमुना द्यावा, आणि ब्रँड बदलण्याचा विचार तिसरा अहवाल हातात आल्यावर करावा. याला अपवाद एकच. सोडियम किंवा पोटॅशियम एकाएकी वाढलेले दिसले आणि सोबत पाण्याचा अंश असेल, तर कूलंट इंजिनात शिरते आहे. अशा वेळी पुढच्या नमुन्याची वाट न पाहता गाडी उभी करावी आणि हेड गॅस्केट उघडून पाहावे.